दिवाडीची सायकल सफर आणि फोटोंचे जिओटॅगिंग : पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

फोटोला जागा जोडायला, म्हणजेच जिओटॅगिंग शिकायचे असेल तर सायकल घ्या आणि गोव्यातल्या दिवाडी बेटावर जा. मोटारीतून काढलेले फोटो मिनिटाला किलोमीटरभर सरकतात, त्यामुळे कोणता कुठला याचा मेळच लागत नाही. पायी गेलात तर दिवसभर एकाच गावात असता आणि झालेली चूक नकाशावर दिसतही नाही. सायकलवर ताशी १५ किलोमीटरच्या निवांत गतीने तुम्ही मिनिटाला २५० मीटर जाता. घड्याळ एक मिनिट चुकले तर फोटो २५० मीटर बाजूला पडतो. ही चूक नकाशावर चटकन डोळ्यांत भरते आणि चटकन दुरुस्तही होते. शिवाय दिवाडीला जाताना फेरीबोटीने मांडवी ओलांडावी लागते. नदीच्या मधोमध काढलेला फोटो नकाशावर पाण्यातच दिसला पाहिजे. तो रस्त्यावर दिसला तर तुमचे काहीतरी चुकले आहे हे शाळकरी पोरही सांगेल.

हा खटाटोप कशासाठी, हे आधी सांगतो. दिवाडीच्या उत्तर टोकाला नार्वे आहे आणि मांडवीच्या पलीकडे डिचोली तालुक्यातही नार्वे आहे. कदंब राजांचे कुलदैवत सप्तकोटीश्वर मूळचे दिवाडीवरचे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तिथले देऊळ पाडले, लिंग नदीपार गेले आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी पलीकडच्या नार्वेतले देऊळ नव्याने बांधवले. आता फोटोखाली नुसते ‘नार्वे’ लिहिले तर पाहणाऱ्याने कोणता काठ समजावा? अक्षांश-रेखांश असले की प्रश्नच उरत नाही. खाजन शेतीचे, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांचे, बांध आणि मानस यांचेही तसेच. खारे पाणी आत येऊ नये म्हणून भरती-ओहोटीप्रमाणे मिटणारी-उघडणारी मानसांची ही लाकडी दारे एकामागून एक पडत चालली आहेत. दहा वर्षांनी कुणी विचारले की हे मानस नेमके कुठे होते, तर उत्तर फोटोतच असायला हवे. माझ्या मते गोव्यात फिरणाऱ्या प्रत्येकाने ही सवय लावून घ्यावी.

दोन वाटा

प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये चित्रासोबत माहितीचा एक कप्पा असतो. त्याला एक्झिफ म्हणतात. फोटो कधी काढला, कोणत्या कॅमेऱ्याने, किती एक्स्पोजरने, हे सगळे त्यात नोंदलेले असते आणि अक्षांश-रेखांशही त्यातच बसतात. ते तिथे पोचवायच्या दोन वाटा आहेत.

पहिली वाट फोनची. कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी दिली की फोटो काढतानाच जागा नोंदली जाते. दुसरी वाट वेगळा कॅमेरा वापरणाऱ्यांची. खिशातला फोन दिवसभर तुमचा माग नोंदत राहतो, आणि घरी आल्यावर संगणक फोटोची वेळ आणि मागाची वेळ जुळवून प्रत्येक फोटोला जागा देतो. काही कॅमेरे ब्लूटूथवरून फोनकडून थेट जागा घेतात. सोय चांगली, पण जोडणी मध्येच सुटली तर कळत नाही, म्हणून शिकताना तिच्यावर विसंबू नका.

कॅमेरा नसला तरी दुसरी वाट समजून घ्या. फोनचे फोटो पहिल्या वाटेने टॅग होऊ द्या, माग मात्र नोंदवा. संध्याकाळी दोन्ही नकाशावर एकावर एक ठेवून पाहिले की फोन कुठे भरकटला ते कळते.

आदल्या रात्रीची तयारी

आयफोनवर प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये लोकेशन सर्व्हिसेस, त्यात कॅमेरा, आणि तिथे ‘ॲप वापरताना’ हा पर्याय निवडा. त्याखालचे ‘प्रिसाइज लोकेशन’ चालू असायलाच हवे, नाहीतर फोन मुद्दाम ढोबळ जागा देतो. अँड्रॉइडवर कॅमेरा ॲपच्याच सेटिंगमध्ये लोकेशन नोंदवण्याचा खटका असतो. अंगणात एक फोटो काढा, गॅलरीत त्याचा तपशील उघडा आणि नकाशा दिसतो का पाहा. दिसला तर पहिली वाट मोकळी झाली.

मागासाठी अँड्रॉइडवर जीपीएसलॉगर, ओपनट्रॅक्स किंवा ओएसएमअँड यांपैकी एक घ्या, आयफोनवर ओपन जीपीएक्स ट्रॅकर चालेल. स्ट्राव्हा वापरत असाल तर तेही चालते, कारण नंतर जीपीएक्स फाइल काढून घेता येते. जीपीएक्स ही अगदी साधी मजकुराची फाइल असते. त्यात ओळीने अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ, एवढेच.

या ॲपमध्ये तीन गोष्टी बघाच.

एक, ऑटोपॉज बंद करा. सायकल थांबली की नोंद थांबवणारी ही सोय व्यायाम मोजणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही फोटो काढता ते थांबूनच, म्हणजे नेमक्या हव्या त्या वेळी मागात खिंडार पडते.

दोन, नोंदीचे अंतर पाच सेकंदांवर ठेवा. दर सेकंदाला नोंद केली तर बॅटरी उगाच जाते. मिनिटाला एक नोंद केली तर वळणे कापली जातात.

तीन, अँड्रॉइडमध्ये त्या ॲपला बॅटरी बचतीतून वगळा. हे राहिले तर स्क्रीन बंद होऊन काही वेळ गेला की फोन ॲपला गुपचूप झोपवतो आणि तुमचा माग वाटेतल्या रायबंदरलाच संपतो.

आता कॅमेऱ्याचे घड्याळ. या लेखातला हा भाग दोनदा वाचा. दुसऱ्या वाटेत जागा ठरते ती फक्त वेळेवरून. कॅमेऱ्याचे घड्याळ भारतीय वेळेला लावा, आणि तारीख नक्की तपासा. कॅमेऱ्याची बॅटरी बरेच दिवस काढून ठेवलेली असेल तर तारीख मागे गेलेली असू शकते. सेकंद अचूक लावता येत नाहीत म्हणून खंत करू नका, त्यावर उपाय आहे. निघण्याआधी फोनवर सेकंद दाखवणारे घड्याळ उघडा आणि त्या स्क्रीनचा कॅमेऱ्याने फोटो काढा. फोटोत ७:१२:४० दिसते आणि फाइलमध्ये ७:११:५५ नोंदले आहे असे समजा. मग कॅमेरा ४५ सेकंद मागे आहे. हा आकडा घरी आल्यावर लागतो. ४५ सेकंद म्हणजे सायकलवर जवळजवळ १९० मीटर, म्हणजे दिवाडीवरच्या पिएदाद गावातल्या चढावरच्या चर्चचा फोटो पायथ्याच्या शेतात पडायला पुरेसे.

बरोबर काय घ्यायचे? दोन लिटर पाणी, पंक्चरचे सामान, पंप, पॉवर बँक आणि तिची केबल, टोपी, सुके खोबरे किंवा चणे-शेंगदाणे, सुटे पैसे. हेल्मेट आहेच. पावसाळ्यात ही सफर नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

सकाळ : पणजी ते जुने गोवे

डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास वर येतो, तेव्हा पणजीतल्या पाटोच्या पुलापाशी असावे. नोंद घरातून सुरू करू नका, इथून करा. घराचा पत्ता मागात राहत नाही आणि उघड्या आभाळाखाली उपग्रह लवकर सापडतात. ॲपमध्ये अचूकता पाच-सहा मीटरवर आली की ‘स्टार्ट’ दाबा आणि घड्याळाचा तो फोटो काढा.

इथून रायबंदरपर्यंतची वाट म्हणजे १६३३-३४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय लिन्यारिशच्या काळात बांधलेला सुमारे तीन किलोमीटरचा बांधरस्ता. एका हाताला मांडवी, दुसऱ्या हाताला खारफुटी आणि मिठागरांचा सखल भाग. रस्ता सपाट आहे, पण अरुंद आहे आणि आठनंतर गाड्या वाढतात. म्हणून लवकर निघायचे. फोटोसाठी थांबायचे तर रस्त्याच्या पूर्ण बाहेर या, एक पाय डांबरावर ठेवून फोटो नकोत. फोन हँडलवर लावलेला असला तरी चालत्या सायकलवरून त्याला हात लावू नका.

इथेच पहिला सराव करा. आभाळ मोकळे आहे, आसपास उंच भिंती नाहीत. थांबा, दहा सेकंद जाऊ द्या, मग फोटो काढा. ही दहा सेकंदे फोनवाल्यांसाठी फार महत्त्वाची. खिशातून काढल्या काढल्या टिपलेल्या फोटोला फोन कित्येकदा आधीचीच जागा देऊन मोकळा होतो. आधी नकाशा उघडा, निळा ठिपका तुमच्या पायाशी आला की मग कॅमेरा.

रायबंदरला उजेड नीट येईपर्यंत चहा होतो. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर भोंगा वाजवत फिरत असला तर गरम पोळी, म्हणजे इथला पाव घ्या. गाड्यावर पातळ भाजी-पाव मिळाला तर तो खाऊनच पुढे जा, पुढे बेटावर अकरापर्यंत काही मिळेलच असे नाही.

पाटोपासून जुने गोवे दहा किलोमीटरच्या आसपास. चर्च परतताना पाहू. आत्ता थेट व्हाइसरॉयच्या कमानीखालून फेरीच्या धक्क्यावर उतरा. वास्को द गामाच्या पणतूने उभारलेली ही कमान पुढे कोसळली आणि १९५४ मध्ये पुन्हा बांधली गेली. कमानीखाली उभे राहून एक फोटो काढा आणि नेमके कुठे उभे होता ते लक्षात ठेवा, संध्याकाळी काम आहे.

फेरीवर : खरी परीक्षा

रॅम्पवर सायकलवरून उतरा. ओहोटीच्या वेळी तिथे शेवाळ असते आणि सायकलचे बारीक टायर सहज घसरतात. मोटारी आणि स्कूटर आधी चढू द्या, तुम्ही कडेने या, दांडीजवळ सायकल धरून उभे राहा.

तीन फोटो काढायचे. पहिला बोट सुटताना रॅम्पवरून, दुसरा नदीच्या मध्यावर, तिसरा दिवाडीचा रॅम्प टेकताना. घरी गेल्यावर सगळ्यात आधी हेच तीन पाहायचे. बोट काठापासून काठापर्यंत जाते, तिला पर्यायी वाट नसते आणि काठ नकाशावर स्पष्ट असतात. म्हणून या तीन फोटोंवरून घड्याळातली चूक जितकी स्वच्छ कळते तितकी भर रस्त्यावरच्या शंभर फोटोंवरून कळत नाही. ‘सुटताना’चा फोटो नदीत गेला असेल तर फोटोंची वेळ पुढे धावते आहे. ‘टेकताना’चा फोटो अजून पाण्यात असेल तर ती मागे आहे.

दिवाडी

धक्क्यावरून पिएदादकडे जाणारा रस्ता शेतांमधून जातो. बगळे, खंड्या, कधी मधमाशीखाऊ. हा पट्टा घाईने ओलांडू नका. बांधावर एखादे मानस दिसले की सायकल लावा आणि त्याचे दोन फोटो घ्या, एक जवळून आणि एक लांबून, ज्यात मागचे झाड किंवा क्रूस ओळखता येईल. जागेचे आकडे पाच मीटर चुकले तरी दुसऱ्या फोटोवरून ते मानस सापडते. अशी जोडी घेण्याची सवय मला कोणत्याही महागड्या उपकरणापेक्षा मोलाची वाटते. शेतात उतरायचे असेल तर काम करणाऱ्याला विचारून उतरा.

पिएदादच्या टेकडीवर चर्च आहे. चढ छोटा, पण पहिल्या गिअरचा. नवख्याने खुशाल हातात धरून सायकल वर न्यावी. वरून नदीपलीकडे जुन्या गोव्यातल्या चर्चचे मनोरे दिसतात. झूम करून से कॅथेड्रलचा फोटो काढा आणि एक गोष्ट मनात पक्की करा : जिओटॅग सांगतो तो कॅमेरा कुठे होता ते, समोरची वस्तू कुठे आहे ते नव्हे. हा फोटो नकाशावर दिवाडीच्या टेकडीवर पडणार आणि तेच बरोबर. कॅथेड्रलवर ओढून नेऊ नका. वस्तूची जागा नोंदवायला एक्झिफमध्ये वेगळा रकाना आहे, कॅमेऱ्याची दिशा नोंदवायलाही आहे. सुरुवातीला फोटोखाली ‘दिवाडीहून’ असे लिहिलेत तरी काम भागते.

टेकडी उतरून गावातून नार्वेच्या फेरीकडे. जुनी घरे, बाल्कांव म्हणजे दारापुढची बसायची ओसरी, शिंपल्यांच्या खिडक्या. लोक बाल्कांवात बसलेले असतील तर आधी ‘देव बरो दीस दिवं’ म्हणून दोन शब्द बोला, मग फोटोचे विचारा. कुणाच्या घराचा फोटो जागेसकट जगापुढे ठेवणे ही वेगळीच गोष्ट आहे, तिच्याकडे पुढे येतो.

नार्वेच्या फेरीवर पुन्हा तेच तीन फोटो. पलीकडे थोड्याच अंतरावर श्रीसप्तकोटीश्वराचे देऊळ. पादत्राणे बाहेर, गर्भगृहाचे फोटो विचारल्याशिवाय नाहीत. देवळाभोवती झाडी दाट आहे. इथे एकाच जागी उभे राहून पाच-सहा फोटो काढा. पानांमधून आणि भिंतींवर आपटून येणाऱ्या उपग्रह-संदेशांमुळे हे फोटो नकाशावर थोडे पसरतील. जीपीएसच्या मर्यादेचा अंदाज घ्यायला ही जागा चांगली आहे. उघड्यावर चांगल्या फोनची चूक पाचेक मीटर असते, झाडीत ती कितीतरी वाढते.

परत त्याच वाटेने. दुपारी एक ते तीन दुकाने बंद, त्याआधी पाणी भरून घ्या. गोव्यात दुपारची झोप ही गंभीर बाब आहे आणि बेटावर तर अधिकच.

जुन्या गोव्यात पोचलात की कमानीखाली सकाळच्याच जागी उभे राहून पुन्हा एक फोटो काढा. सकाळ-संध्याकाळचे हे दोन ठिपके नकाशावर किती जवळ पडतात ते घरी बघायचे. मग बॉम जेझूची बासिलिका, से कॅथेड्रल, आणि वेळ उरला तर सेंट ऑगस्टीनचा अर्धा उरलेला मनोरा. पणजीला पोचेपर्यंत सगळे मिळून ३५ किलोमीटरच्या आसपास होतात. नोंद पाटोलाच थांबवा आणि जीपीएक्स फाइल लगेच स्वतःला मेल करा.

संध्याकाळ : वेळ आणि जागा जुळवणे

सर्वांत आधी फोटोंची एक प्रत वेगळी ठेवा. मूळ फाइलवर पहिलाच प्रयोग करू नये.

संगणकावर डिजिकॅम हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालते. आज्ञा लिहायची सवय असलेल्यांनी फिल हार्वे यांचे एक्झिफटूल वापरावे, ते जास्त काटेकोर आहे. डिजिकॅममध्ये सगळे फोटो निवडा, ‘आयटम’ मेनूतून ‘एडिट जिओलोकेशन’ उघडा, तिथे ‘जीपीएस कोरिलेटर’मध्ये जीपीएक्स फाइल द्या.

आता तो साडेपाच तासांचा प्रश्न. जीपीएक्स फाइलमधली वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते. तुमच्या कॅमेऱ्यातली वेळ भारतीय, म्हणजे साडेपाच तास पुढची, आणि बहुतेक कॅमेरे ती कोणत्या देशाची हे स्पष्ट लिहीत नाहीत. म्हणून कॅमेऱ्याचा टाइम झोन अधिक ५:३० असा हाताने सांगा. घाईत नुसते पाच निवडले गेले तर सगळे फोटो अर्ध्या तासाने, म्हणजे सायकलच्या हिशेबात साडेसात किलोमीटरने सरकतात. टाइम झोन शून्यच राहिला तर बऱ्याच फोटोंना जागाच मिळत नाही, कारण त्या वेळी मागात तुम्ही नसताच.

त्यानंतर घड्याळाच्या फोटोवरून काढलेला फरक भरा. आपल्या उदाहरणात अधिक ४५ सेकंद. मागात लहानसहान खंड असतील तर ‘इंटरपोलेट’ चालू करा, म्हणजे दोन नोंदींमधली जागा सॉफ्टवेअर अंदाजाने भरते. ‘कोरिलेट’ दाबा. अजून काहीही फाइलमध्ये लिहिले गेलेले नाही, फक्त नकाशावर दिसते आहे. फेरीचे तीन फोटो बघा. दोन्ही रॅम्प आणि मधली नदी बरोबर आली तर ‘अप्लाय’. नाहीतर दहा-दहा सेकंदांनी फरक बदलून पुन्हा जुळवा. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइल असतील तर जागा एक्सएमपी या बाजूच्या छोट्या माहिती-फाइलमध्ये लिहायला सांगा, मूळ फाइलला हात नको.

ठिपका भलतीकडे गेला तर

पणजी साधारण १५.४९ उत्तर अक्षांश आणि ७३.८२ पूर्व रेखांशावर आहे. हे दोन आकडे पाठ करा, निम्म्या चुका त्यावरून उलगडतात. फोटो नॉर्वेच्या उत्तरेच्या थंड समुद्रात दिसला तर अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झाली आहे. कॅरिबियन समुद्रात दिसला तर पूर्वच्या जागी पश्चिम लागले आहे. आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात दिसला तर दोन्ही आकडे शून्य आहेत, म्हणजे जागा मिळालीच नाही आणि रकाना रिकामा न ठेवता शून्य लिहिले गेले. हाताने आकडे लिहिताना दशांशानंतर पाच अंक पुरतात, पाचवा अंक म्हणजे सुमारे एक मीटर.

उंचीकडे मात्र लक्ष देऊ नका. काही फोन समुद्रसपाटीपासूनची उंची न देता पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची देतात. भारताच्या किनाऱ्यावर या दोन्हींत मोठी तफावत आहे, त्यामुळे फेरीबोटीवरचा फोटो पाण्याच्या साठ-सत्तर मीटर किंवा त्याहूनही खाली दिसू शकतो. फोन बिघडलेला नाही.

फोटो कुणाला, कसा

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की जागा पुसली जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला की राहते. म्हणून मित्राला ‘बघ, नकाशावर येतो का’ म्हणून पाठवायचा तर डॉक्युमेंट, आणि घरच्या अंगणातला फोटो ओळखी-अनोळखी गटात टाकायचा तर साधा फोटो. कुणाचे राहते घर, लहान मुले आणि पक्ष्यांची घरटी यांच्या फोटोंतून जागा काढूनच ते बाहेर द्या. घरट्याचा अचूक पत्ता फिरला की दुसऱ्या दिवशी तिथे कॅमेऱ्यांची गर्दी होते आणि पक्षी घरटे सोडून जातो. मानस, बांध, देवळे, क्रूस, फेरीचे धक्के यांचे फोटो मात्र जागेसकट खुले करा. विकिमीडिया कॉमन्सवर चढवलात तर ते कुणालाही वापरता येतात आणि एक्झिफमधली जागा तिथे आपोआप वाचली जाते.

घड्याळ जमले की पुढच्या सुट्टीला रायबंदरहून चोडणची फेरी पकडा. धक्क्याला लागूनच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, १.७८ चौरस किलोमीटरचे, जवळजवळ सगळे खारफुटीचे. तिथे दाट फांद्यांखालून जाताना नोंदीचे अंतर पाचावरून दोन सेकंदांवर आणा, आणि फोटो काढण्याआधी दहाऐवजी वीस सेकंद थांबा.